सोसले होबळीचा नकाशा

कावेरी आणि कपिला यांच्या संगमावर वसलेल्या तिरुमकूडलु नरसीपूर या तालुक्याच्या गावाविषयी त्या प्रांतात अशी श्रद्धा आहे की, पुण्याच्या मापात हे क्षेत्र काशीपेक्षा एका गुंजेने जड भरते, आणि म्हणूनच तेथील नरसिंहाला गुंजानरसिंह हे नाव पडले. त्या संगमापासून जवळच, कावेरीच्याच काठी, सोसले आहे. माध्व संप्रदायातील व्यासराज मठाची एक शाखा या गावाच्या नावाने ओळखली जाते, आणि होबळीचे, म्हणजे तालुक्यातील महसुली पोटविभागाचे, मुख्य ठिकाण असल्यामुळे एक नाडकचेरीही तेथे आहे. बाहेरून येणारा मनुष्य बहुधा मठात दर्शनाला येतो. मी कचेरीत बदलीवर आलो, आणि ज्या वर्षांत मी तेथे होतो त्याच वर्षांत कर्नाटकाच्या विधानसभेचे मतदारसंघ नव्याने आखण्याचे काम चालू असल्यामुळे, एरवी उतारे, वारसनोंदी आणि कालव्याच्या पाण्याचे तंटे यांत ज्याचे आयुष्य सरले असते अशा माझ्यासारख्या महसुली नोकराच्या मेजावरूनही त्या मोठ्या व्यवहाराचे काही कागद जाऊ लागले.

माझे गाव उचगाव, बेळगाव तालुक्यातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ज्यांच्या अंगणावरून मुंबई राज्य निघून गेले आणि म्हैसूर राज्य आले, त्या घरांपैकी आमचे एक. सरहद्द ही वस्तू आमच्याकडे नकाशात नसे. ती जेवणाच्या पंक्तीत, लग्नाच्या मांडवात आणि शाळेच्या फळ्यावर असे. महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली, १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी २६४ देऊ केली आणि बेळगाव शहर नाकारले, हे आकडे आम्ही पाढ्यांबरोबरच पाठ केले होते. अशा घरातल्या मुलाने कन्नडची परीक्षा देऊन त्याच सरकारची नोकरी धरावी, याचे आमच्या वडीलधाऱ्यांना पुष्कळ दिवस वैषम्य वाटत होते. परंतु पोट हेही एक राज्यच आहे आणि त्याची पुनर्रचना कोणताही आयोग करीत नाही, एवढे म्हणून मी दक्षिणेची गाडी धरली होती.

काम कसे होते ते थोडे सांगितले पाहिजे, कारण वर्तमानपत्रांतून लोकांची समजूत अशी होते की राजधानीत कोणी मुत्सद्दी रेघ ओढतात आणि खाली ती उमटते. जुने मतदारसंघ १९७१ च्या खानेसुमारीवर बेतलेले होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती घडी जशीच्या तशी गोठवून टाकली होती. पुढे २००२ साली नवा कायदा होऊन सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग बसला, आणि २००१ च्या खानेसुमारीवर सर्व मोजणी पुन्हा करावयाची असे ठरले. जागांची एकूण संख्या मात्र वाढावयाची नव्हती. राज्याची लोकवस्ती सुमारे ५ कोटी २८ लाख, जागा २२४; म्हणजे एका आमदारामागे साधारण २ लाख ३६ हजार माणसे, आणि त्यातही शेकडा दहापर्यंत अधिकउणे चालेल अशी सवलत. काशीला आणि नरसीपुराला जी सवलत एका गुंजेची, ती विधानसभेला तेवीस हजार माणसांची, असे मी त्या वेळी गमतीने म्हणत असे.

आमच्याकडे येई ती या इमारतीची वीट. गावोगावची लोकसंख्या, तीत अनुसूचित जातींची किती, जमातींची किती, कोणते गाव कोणत्या वर्तुळात, कोणत्या गावाची शीव कोणाला लागून, हे तक्ते पडताळावयाचे आणि नकाशाशी ताडून पाहावयाचे. १५ फेब्रुवारी २००४ या दिवशी तालुके, होबळ्या आणि गावे जशी होती तशीच ती धरावयाची, त्यानंतरचा कोणताही फेरफार विचारात घ्यावयाचा नाही, असा दंडक होता. या कामात मला सर्वांत अधिक रमविले ते बेचिराख गावांनी. एखाद्या मौज्याला नाव आहे, शीव आहे, सर्व्हे नंबर आहेत, परंतु दिवा लावणारे घर एकही नाही. लोकसंख्येच्या रकान्यात पूज्य. तरीही ते गाव वगळता येत नसे, कारण ते वगळले तर नकाशाला भोक पडते. ज्या गावात मत देणारा नाही त्यालाही कोणत्या ना कोणत्या आमदाराच्या पदरी घालावेच लागे, आणि अशा गावाचे गाऱ्हाणे मात्र कधी कोणाकडे जात नसल्यामुळे, आमदारांच्या दृष्टीने मतदारसंघातील सर्वांत गुणी प्रजा तीच असावी.

पुढे मसुदा प्रसिद्ध झाला, आणि आमच्या तालुक्यातील बन्नूर या कसब्याच्या नावाचा जो मतदारसंघ इतकी वर्षे चालत आला होता तो राहणार नाही, हे लोकांना कळले. बन्नूर हे काही सामान्य गाव नव्हे. विजयनगरच्या दरबारात राजगुरूचा मान पावलेले व्यासराय तेथे जन्मले, आणि तेथल्या मेंढरांची जात तर गावाच्याच नावाने दूरवर प्रसिद्ध आहे. म्हैसूर जिल्ह्याच्या जागा पूर्वी अकरा होत्या, नंतरही अकराच राहिल्या. परंतु म्हैसूर शहर आणि त्याचा परिसर यांत माणूस वाढला, जुन्या हिशेबाचा तोल गेला, आणि बन्नूरचे नाव यादीतून जाऊन वरुणा हे नवे नाव आले. बन्नूर आमच्याच नरसीपूर मतदारसंघात सामील झाले.

कचेरीत कामासाठी येणारा एक ऊसवाला शेतकरी मला त्या प्रांतातल्या आदराच्या संबोधनाने दर वेळी विचारी, "बुद्धी, आमच्या बन्नूरने काय केले हो?" मी त्याला आकडे सांगे, तो ऐकून घेई, मान हलवी, आणि पुढच्या खेपेस तोच प्रश्न पुन्हा विचारी. आमदार आमच्या पेठेत बाजारच्या दिवशी सापडतो, आता तो दुसऱ्या पेठेत सापडणार, एवढेच त्याचे म्हणणे होते. आणि विचार केल्यावर माझ्या ध्यानात आले की प्रतिनिधित्वाविषयी मी वाचलेल्या कित्येक ग्रंथांतून जे सांगितलेले नाही ते तो सांगत होता. कायद्याच्या नवव्या कलमात भौगोलिक सलगता, नैसर्गिक खुणा, शासकीय विभागांच्या सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय या सर्वांचा विचार करावा असे म्हटले आहे. परंतु माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन कोणत्या वाटेने चालत जातो, त्या वाटेला खानेसुमारीत रकाना नाही.

मसुद्यावर हरकती घेण्याची मुदत होती आणि जाहीर सुनावणीही होती. आयोगाला साह्य करण्यासाठी राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार घेतलेले असत, पण त्यांना मत नव्हते. एकदा अंतिम हुकूम राजपत्रात आला की त्यावर कायद्याप्रमाणे कोणत्याही न्यायालयात दाद नव्हती. पुष्कळांना हे जुलमी वाटे. मला तसे वाटले नाही. सरहद्दीचा दावा पिढ्यान्‌पिढ्या न मिटता चालत राहिलेला ज्याने घरात पाहिला आहे, त्याला जो निकाल एकदाचा होऊन जातो त्याची किंमत कळते.

सोसल्यात माझा बैठकीचा संबंध एका वृद्ध गृहस्थांशी जडला. त्यांच्या घराण्यात शानुभोगपण, म्हणजे गावचे कुलकर्णीपण, होते. १९६१ च्या कायद्याने गावकामगारांची वतने संपली तेव्हा ते गेले, पण ओसरी आणि स्मरणशक्ती दोन्ही राहिल्या. माझी मातृभाषा मराठी आहे हे कळताच त्यांनी आतून एक रुमाल आणविला. त्यात पणजोबांच्या वेळचे काही मोडी कागद होते, कारण म्हैसूरच्या महसुली दफ्तरात एके काळी मराठीचा वापर चांगलाच होता. मला मोडी अडखळत येते. कागदांत धान्याच्या बाकीखेरीज काही नव्हते. परंतु मी वाचून दाखविले तेव्हा त्यांना आपल्या घरातील कोणी पुरुष फार दिवसांनी बोलल्यासारखा आनंद झाला.

मतदारसंघांविषयी त्यांचे मत ठाम होते. "रायरे," ते म्हणाले, "रंगाचार्लू दिवाणांनी १८८१ साली दसऱ्याला प्रतिनिधी सभा भरविली तेव्हा रयतेतले प्रतिनिधी तालुक्यावरून बोलाविले होते. तालुका म्हणजे एक अमलदार, एक खजिना, एक बाजार. जिथे सारा भरतो तिथूनच माणूस बोलायला जातो. तुम्ही आता सारा एकीकडे आणि मत दुसरीकडे केले." पुढे १९०७ साली विधिमंडळ आले ते दिवाण व्ही. पी. माधवरावांच्या कारकीर्दीत, आणि ते माधवराव कुंभकोणचे, तुमच्याच मराठी घरातले, हेही त्यांनी मला एखादे कर्ज आठवून द्यावे तसे बजावले.

त्यांच्या म्हणण्याचा पूर्वार्ध मला पटला, उत्तरार्ध पटला नाही. त्या सभेत जमीनदार आणि व्यापारी होते. ज्याच्याजवळ सारा भरण्याजोगी जमीनच नव्हती त्याला तालुका कितीही अखंड असला तरी त्या दसऱ्याला कोण बोलावणार होते? माझ्या तक्त्यांतला अनुसूचित जातींचा रकाना मी त्यांच्यापुढे मांडला. नव्या रचनेत राज्यात अनुसूचित जातींच्या राखीव जागा ३३ च्या ३६ झाल्या आणि जमातींच्या तर २ च्या १५. आमच्या शेजारचे नंजनगूड जातींसाठी राखीव झाले, हेग्गडदेवनकोटे जमातींसाठी. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की हा रकाना त्यांच्या पणजोबांच्या कागदांत नव्हता हे खरे, आणि त्यांनी रुमाल बांधून ठेवला.

वरुण्याचे नाव पुढे देशभर गाजले. सिद्धरामय्या यांनी २००६ ची चामुंडेश्वरीची पोटनिवडणूक अवघ्या २५७ मतांनी जिंकली होती. नवी आखणी होताच ते वरुण्यात उभे राहिले, निवडून आले, आणि २०१३ साली तेथूनच मुख्यमंत्री झाले. चहाच्या दुकानांतून या गोष्टीचे विवेचन फार सूक्ष्मपणे चाले, ते मी येथे देत नाही. मला अधिक कौतुक वाटे ते निराळ्याच गाठीचे. नरसीपूर तालुका म्हैसूर जिल्ह्यात, पण आमची लोकसभा चामराजनगरची. १९९७ साली म्हैसूर जिल्ह्यातून चामराजनगर जिल्हा वेगळा काढला, तो सरकारी दफ्तरात. खासदाराच्या हिशेबात मात्र दोन्ही जिल्ह्यांची गावे एकाच दावणीला. म्हणजे सोसलेच्या रयतेने जिल्हाधिकाऱ्यासाठी एका दिशेला तोंड करावे आणि खासदारासाठी दुसऱ्या.

१९ फेब्रुवारी २००८ रोजी नवी रचना अमलात आली. राज्यात त्या वेळी राष्ट्रपती राजवट होती, निवडणूक जुन्या सीमांवर होणार की नव्या यावर वाद चालू होता, आणि ती नव्या सीमांवर झाली. विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक या नव्या आखणीवर घेणारे पहिले राज्य कर्नाटकच ठरले. आमच्याकडचे मतदान १० मे रोजी झाले. मतदारसंघ क्रमांक २२०, तिरुमकूडलु नरसीपूर. केंद्रावर मी दिवसभर होतो. ज्या गोष्टीची मला उचगावच्या संस्कारामुळे धास्ती वाटत होती त्यातले काहीही घडले नाही: मोर्चा नाही, बंद नाही, फलकांना काळे फासणे नाही. एक मतदारसंघ जगाच्या पाठीवरून नाहीसा झाला होता आणि लोक रांगेत उभे राहून, सावली कोणत्या बाजूला आहे एवढीच चौकशी करीत, मत देऊन घरी जात होते. भाषा दोन्ही बाजूंना एकच, नदी एकच, तांदूळ एकच. रेघ इकडे सरकली काय आणि तिकडे सरकली काय, तिच्यावर कोणाचे नाव बदलत नव्हते. सीमा इतकी सौम्य वस्तू असू शकते हे मला वयाच्या त्या टप्प्यावर, आणि तेही परमुलखात, समजावे याचे नवल वाटले, आणि थोडा हेवाही.

बेळगावकडचे मतदान शेवटच्या टप्प्यात, २२ मे रोजी होते, आणि माझे नाव अजून गावच्याच यादीत असल्यामुळे मी रजा काढून घरी गेलो. आयोगाचे क्रमांक राज्याच्या वायव्य टोकापासून सुरू होतात. म्हणून क्रमांक १ निपाणी, आणि आम्ही दक्षिणेकडे २२०. बन्नूरप्रमाणेच या आखणीत उचगाव मतदारसंघही गेला होता. ज्या नावावर महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कित्येक सभा गाजल्या होत्या ते नाव आता यादीत नव्हते. आमचे गाव क्रमांक १३, बेळगाव ग्रामीण, यात पडले होते.

दादा दारातच उभे होते. "ये रे बाबा," ते म्हणाले, "तुमच्याच कचेरीनं पुसलं न्हवं आमाला?" मी म्हणालो की आमच्या कचेरीने बन्नूर पुसले, उचगाव दुसऱ्या कचेरीने. त्यांना यात काही फरक दिसला नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही दिसला नसता. येथे चहा पितापिता जे बोलणे निघाले त्यात पेठेचा किंवा वाटेचा उल्लेख कोणी केला नाही. मराठी मते कोठे फुटली, कोणती गावे कोणत्या बाजूला टाकली, आणि हे मुद्दाम केले की आपोआप झाले, यावर रात्र झाली. मी कलमे सांगितली, सरासरी सांगितली, शेकडा दहाची सवलत सांगितली. सोसल्याच्या ऊसवाल्याप्रमाणे त्यांनी ऐकून घेतले, पण मान मात्र हलविली नाही.

शेवटी मी पिशवीतून राजपत्राची प्रत काढली आणि आम्ही दोघे ती दिव्याखाली घेऊन बसलो. दादांनी चष्मा चढविला, बोट रकान्यावरून खाली आणले आणि विचारले, "काकतीवाली आत्या कुनीकडं गेली बघ जरा."

"यमकनमर्डीत," मी म्हणालो. "जमातींसाठी राखीव. क्रमांक दहा."

"यमकनमर्डीत?" दादा म्हणाले. "बेळगावच्या उंबऱ्यावर ऱ्हाती ती. ह्या वयात एवढा लांबचा प्रवास तिला सोसायचा न्हाई. उद्या जाऊन सांगून येऊ तिला, न्हाईतर ती अजून आपल्याच उमेदवाराला इथं मत द्यायला येईल." आणि मग त्यांनी पुढच्या सोयऱ्याचे गाव शोधायला घेतले.