खूण न झालेली नावे

मतदार यादी हा शासनाने नागरिकाविषयी ठेवलेला बहुधा सर्वांत साधा दस्तऐवज आहे, कारण नाव, वय, लिंग, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि घर क्रमांक यांपलीकडे तीत फारसे काही लिहिलेले नसते, आणि जमीन किती, शिक्षण किती, जात कोणती यांपैकी काहीही विचारल्यावाचून ती माणसाला सत्तेतील एक समान वाटा देते. विधानसभा मतदारसंघ अनेक ‘भागां’त विभागलेला असतो, भाग म्हणजे एका मतदान केंद्राच्या कक्षेतील वस्ती, आणि त्या भागातील प्रत्येक मतदाराला एक अनुक्रमांक असतो. या यादीत नाव येण्यासाठी वयाखेरीज मुख्य अट एकच, ती म्हणजे माणूस त्या ठिकाणचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ असला पाहिजे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने ही संकल्पना दोन बाजूंनी बांधून घेतली आहे: एखाद्या गावात नुसते घर मालकीचे असल्याने कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरते बाहेर गेल्याने कोणी तेथील रहिवासी असण्याचे थांबत नाही. यांतील दुसऱ्या तरतुदीने ज्यांचे नाव राखले, पण ज्यांना मत देता येईल अशी सोय केली नाही, ते लोक या लेखाचा विषय आहेत.

या विचाराला चालना मिळाली ती ‘नमुना ७’ या अर्जामुळे. यादीतील नाव वगळण्यासाठी हा अर्ज भरावा लागतो, मृत्यूचा दाखला सोबत जोडावा लागतो, आणि त्याच मतदारसंघाच्या यादीतील कोणीतरी तो करावा लागतो. प्रस्तुत लेखिकेने तो आपल्या वडिलांसाठी भरला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी बीड जिल्ह्याच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात काढली. त्या काळच्या प्रत्येक शिक्षकाप्रमाणे त्यांच्याही वाट्याला निवडणुकीचे काम वारंवार आले, आधी मतदान अधिकारी म्हणून आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पेट्या जमा करून ते घरी परतत, तेव्हा त्यांच्या कपड्यांना वितळलेल्या लाखेचा जळका, गोडसर वास येत असे. अर्जावरील ‘वगळण्याचे कारण’ या रकान्यात ‘मृत्यू’ लिहिताना दुःखाच्या जोडीने मनात आले ते त्यांचे याद्यांशी असलेले आयुष्यभराचे नाते.

मतदान केंद्रावर यादीची एक विशेष प्रत असते, तिला चिन्हांकित प्रत म्हणतात. मतदार आला, त्याची ओळख पटली, की पहिला मतदान अधिकारी त्याच्या नावावर खूण करतो, आणि बाई असेल तर जास्तीची एक खूण करतो, जेणेकरून दिवसाच्या शेवटी स्त्रिया किती आल्या हे वेगळे मोजता यावे. वडिलांचे म्हणणे असे की चांगल्या केंद्राध्यक्षाने संध्याकाळी खुणा झालेली नावे मोजावीत, पण खूण न झालेली नावे वाचावीत. आष्टी-पाटोद्याकडच्या वाड्यांत ती नावे सलग येत. एका घर क्रमांकाखालचे म्हातारा-म्हातारी आलेले असत, आणि त्याच घराचे मुलगे-सुना, सगळे कोरे.

फेब्रुवारी १९९० मधील विधानसभेच्या मतदानाचा एक प्रसंग त्यांनी घरी इतक्या वेळा सांगितला की लेखिकेला तो स्वतः पाहिल्यासारखा आठवतो. दुपारनंतर केंद्रावर सामसूम झालेली असताना एक म्हातारी आत आली. तिने स्वतःचे मत दिले, आणि मग पदराच्या गाठीतून आणखी चार चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या: दोन मुलगे, दोन सुना. “पोरं कारखान्यावर गेलीत, गुरुजी. त्यांचं मत म्या टाकते, त्यांनी मला सांगून ठिवलंय.” वडिलांनी सांगितले की ज्याचे मत त्यानेच टाकायचे असते. म्हातारीने विचारले, “मग त्यांनी कधी टाकायचं?” या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते, नियमाप्रमाणे त्यांनी केले ते बरोबरच होते, आणि ते बरोबर होते ही गोष्टच त्यांना पुढे अनेक वर्षे टोचत राहिली.

तिचे मुलगे कारखान्यावर गेले म्हणजे काय झाले, हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन हे कोयते दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या हद्दीत जातात, पाचटाच्या कोपीत राहतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप थांबेपर्यंत, परत येत नाहीत. एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ पडतो, आणि त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात कापले जातात.

येथे देशाच्या पहिल्या निवडणुकीतील एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी तिचा उसाशी काही संबंध नाही आणि बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी याद्या तयार होत असताना, मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या राज्यांत, पुष्कळ स्त्रियांनी आपले नाव परक्या माणसाला सांगण्यास नकार दिला आणि ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशाच नोंदी करून दिल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य न धरण्याचा निर्णय घेतला, आणि सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांना त्यामुळे मताला मुकावे लागले. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण लेखिकेला तो योग्य वाटतो, कारण स्त्री ही स्वतःच्या नावाने नागरिक आहे हे शासनाने पहिल्याच यादीत ठामपणे सांगितले आणि ती नावे पुढे यादीत आणणे ही आपली जबाबदारी मानली. त्या स्त्रिया गावात होत्या आणि नाव यादीत नव्हते. ऊसतोड कामगारांचे नाव यादीत आहे आणि माणूस गावात नाही. पहिला दोष दूर करण्यासाठी शासनाने जे कष्ट घेतले, त्या मानाने दुसऱ्यासाठी काहीच घेतले नाहीत, ही लेखिकेची जुनी आणि न विझलेली तक्रार आहे.

कारण अनुपस्थित माणसाचे मत कसे आणावे हे शासनाला उत्तम ठाऊक आहे. त्यासाठी टपाली मतदानाची पद्धत आहे, आणि १९६१ च्या निवडणूक नियमांत तिची आखणी अतिशय काळजीपूर्वक केलेली आहे. मतपत्रिकेसोबत ‘१३-अ’ नमुन्यातील प्रतिज्ञापत्र येते, ते सक्षम अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करावे लागते; खूण केलेली मतपत्रिका ‘१३-ब’ या लहान लिफाफ्यात बंद करायची, आणि तो लिफाफा व प्रतिज्ञापत्र दोन्ही ‘१३-क’ या मोठ्या लिफाफ्यात घालायची, म्हणजे मत कोणाचे हे तपासता येते पण मत कोणाला दिले हे कळत नाही. मोजणी सुरू होण्याच्या वेळेपूर्वी पोहोचलेला लिफाफा धरला जातो, नंतरचा नाही, आणि मोजणीची सुरुवात याच मतांपासून होते. सैनिकांना, परदेशांतील भारतीय वकिलातींत नेमलेल्या कर्मचाऱ्यांना आणि निवडणुकीच्या कामावरील माणसांना हा मार्ग खुला आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्या व्यक्तीलाही तो आहे. वडिलांनी स्वतः अनेकदा असेच मत दिले, आणि तो लिफाफा ते इतक्या निगुतीने चिकटवत की आई त्यांना देवघरातल्या माणसासारखे मध्येच बोलवत नसे.

२००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सशस्त्र दलांतील मतदारांना आणखी एक पर्याय मिळाला. टपालाऐवजी ते आपल्या गावातील एखाद्या व्यक्तीला प्रतिनिधी नेमू शकतात, आणि ती व्यक्ती केंद्रावर जाऊन त्यांच्या वतीने मत देते. स्वतःच्या मतासाठीची शाई डाव्या तर्जनीवर लागते म्हणून प्रतिनिधीला ती डाव्या हाताच्या मधल्या बोटावर लावतात. परदेशस्थ भारतीयांनाही अशीच सवलत देणारे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले होते; ते राज्यसभेत संमत झाले नाही आणि सोळाव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. पदराच्या गाठीतून चिठ्ठ्या काढणाऱ्या त्या म्हातारीने १९९० मध्ये मागितले ते याहून वेगळे नव्हते. वडिलांनी ही दुरुस्ती वर्तमानपत्रात वाचली तेव्हा ते निवृत्त होऊन काही वर्षे लोटली होती, आणि त्यांनी ते कात्रण आपल्या जुन्या केंद्राध्यक्षांच्या हस्तपुस्तिकेत ठेवले; ते आजही तेथेच आहे.

मजुराला कायद्याने काहीच दिलेले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी देण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये आहे आणि त्यात रोजंदारीवरील मजुराचाही समावेश होतो. परंतु गाव शेकडो किलोमीटर दूर असताना एका दिवसाच्या सुटीने काय साधणार? २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला, ऐन गाळपाच्या तोंडावर झाली. बीड जिल्हा परिषदेचे २०१७ चे मतदान १६ फेब्रुवारीला, म्हणजे हंगाम भरात असताना झाले. अशा वेळी गावोगाव ठाऊक असलेला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे उमेदवाराने किंवा मुकादमाने गाडी पाठवून टोळी उचलून आणणे. मतदारांची अशी मोफत ने-आण लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात भ्रष्ट आचार मानली आहे, आणि ते रास्तच आहे, कारण ज्याच्या गाडीतून माणूस आला त्याच्याविरुद्ध मत देण्याचे बळ त्याच्यात फारसे उरत नाही. मताइतकेच मोठे नुकसान ग्रामसभेचे होते. ज्या ठरलेल्या तारखांना महाराष्ट्रात ग्रामसभा भरतात त्यांपैकी २६ जानेवारीची सभा नेमकी या लोकांच्या गैरहजेरीत होते, आणि पाणी, घरकुल, रोजगार हमीची कामे यांवर त्यांच्या मागे बोलायला म्हातारी माणसे आणि लहान मुले तेवढी उरतात.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची सोय देशभर दिली. त्यासाठी ‘१२-ड’ नमुन्यात अर्ज करावा लागतो, आणि मग मतदान अधिकारी, पोलीस व चित्रीकरण करणारा असे पथक घरी येते. वडील तेव्हा त्या वयाचे होते. पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला, त्यांनी मत दिले, लिफाफे कोणत्या क्रमाने कशात जातात हे पाहिले, आणि मग पथकातील तरुण शिक्षकाला विचारले की तुम्ही उसाच्या फडावरही जाता का. त्याने आदराने सांगितले की त्याच्याजवळच्या यादीत तशी नावे नसतात. “यादी करायला सांगा,” एवढेच वडील म्हणाले. पथक गेल्यावर बराच वेळ ते त्या म्हातारीविषयी बोलत होते, आणि तिचे आडनाव आठवत नाही याचे त्यांना फार वाईट वाटत होते.

डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्थलांतरित मजुरांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती, ज्यात एकाच यंत्रावरून ७२ मतदारसंघांतील मते देता येतील असे योजले होते. अनेक राजकीय पक्षांनी तिला विरोध केला: स्थलांतरित कोणाला म्हणायचे, दूरच्या राज्यात मतदान प्रतिनिधी कसे नेमायचे, आचारसंहिता तेथे कशी लागू करायची, हे त्यांचे प्रश्न खरे होते. ऊसतोडीच्या बाबतीत त्यांत आणखी एका भीतीची भर पडते, ती म्हणजे फडाजवळ केंद्र असेल तर मुकादम मजुरांवर दबाव आणेल. लेखिकेला ही भीती मान्य आहे, पण तिच्यामुळे मतच नको हा निष्कर्ष मान्य नाही. ज्या पद्धतीने सीमेवरच्या सैनिकाचे मत त्याच्या वरिष्ठाच्या प्रभावापासून राखले, दोन लिफाफ्यांची तीच पद्धत मजुराचे मत मुकादमापासून राखू शकते, आणि त्यासाठी नवे यंत्रही लागत नाही. निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यांसाठी जसे सुविधा केंद्र उघडून तेथेच टपाली मत घेतले जाते, तसे ते साखर कारखान्याच्या तालुक्यात, तहसीलदाराच्या देखरेखीखाली, मतदानापूर्वी काही दिवस उघडता येईल.

राहिला प्रश्न यादीचा, आणि तो आता तितकासा अवघड नाही. राज्य शासनाने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन केले आहे, आणि ग्रामसेवकामार्फत गावातील ऊसतोड कामगारांची नोंद करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे ठरवले आहे. म्हणजे गावातून हंगामासाठी कोण बाहेर जाते हे लिहिण्याची जबाबदारी शासनाने एका माणसावर आधीच सोपवली आहे. त्या नोंदीत प्रत्येकाच्या नावापुढे मतदार यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहिणे एवढेच काम वाढेल.

हे दोन क्रमांक लिहिण्याची सवय वडिलांची होती. गावातील माणसे आमदाराला द्यायचे अर्ज त्यांच्याकडून लिहून घेत: रस्ता, हातपंप, थांबलेले अनुदान. अर्जाखाली सही किंवा अंगठा झाला की ते त्याच्या शेजारी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहीत, कारण त्यांच्या मते लोकप्रतिनिधीसमोर जाणाऱ्या माणसाने आपण याचक नसून त्या मतदारसंघाचे मतदार आहोत हे कागदावर नोंदवले पाहिजे. काही अर्जांना उत्तरे आली, पुष्कळांना आली नाहीत, पण क्रमांक लिहिणे त्यांनी सोडले नाही. वर मांडलेली मागणी लेखिकेने तशाच अर्जाच्या रूपात, आपल्या क्रमांकांसह, स्थानिक आमदारांना आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना पाठवली आहे. मात्र जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. त्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद २४३-ट खाली वेगळा राज्य निवडणूक आयोग आहे, तो विधानसभेच्याच याद्या वापरतो पण त्याचे नियम राज्याच्या कायद्यांतून येतात, आणि हंगामाच्या ऐन मध्यावर जी मतदाने पडतात ती बहुधा त्याच्याच अखत्यारीतील असतात. म्हणून दुसरा अर्ज त्या आयोगाला वेगळा लिहावा लागला, आणि त्यात विधानमंडळाने कोणती दुरुस्ती करावी हे कलमवार मांडण्याचे काम सध्या चालू आहे.