सीएसआररावांस अनावृत पत्र

श्रीयुत सीएसआरराव यांस,


पत्रास कारण की, चहाकंपनीची हिशेबतपासणी सुरू आहे आणि तुमची फाइल परत माझ्या टेबलावर आली आहे. आत आसामातल्या बागानाचे फोटो आहेत. रिबीन, कात्री, गळ्यात गामोसा घातलेले पाहुणे, आणि शौचालयाच्या दारापेक्षा मोठी पाटी. नळाला पाणी येतं का, ते फोटोत कळत नाही.

आपली ओळख 1 एप्रिल 2014 पासूनची. सामाजिक जबाबदारी म्हणून कंपनीने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के तुमच्या हाती द्यायचे, असं कायद्याने ठरलं. बागानाशेजारच्या खेड्यातल्या शाळेला तुम्ही बाकं दिलीत, म्हाताऱ्यांना चष्मे दिलेत. आभार. मनापासून.

पण बागानातला दवाखाना तुमच्या नावावर कसा? कामगारांची घरं, पाणी, संडास, औषधपाणी हे सगळं मालकांवर 1951च्या कायद्यापासूनच बसलेलं आहे. पन्नास बाया कामाला असल्या की पाळणाघरसुद्धा त्या कायद्यात होतं. बहिणीकडून उसने घेतलेले पैसे भावाने भाऊबीजेला तिच्याच तबकात टाकावेत आणि वर फोटो काढून घ्यावा, तसं झालं हे! कायद्याने करावंच लागतं ते काम तुमच्या खात्यात धरायचं नाही, असं 2021च्या नियमांत स्पष्ट आहे. तरी फायलीत पाळणाघराची रंगरंगोटी आहेच.

तुम्हाला आठवत असेल, पाती तोलायच्या जागी आपण उभे होतो. बायांनी पाठीवरचं ओझं काट्याला लावलं, सरदाराने, म्हणजे तिथल्या मुकादमाने, आकडा पुकारला. मग एकीने बाटली काढून चहा घेतला. कोरा, मीठ घातलेला. दूध-साखरेचा चहा आपण प्यायलो, बंगल्यावर. त्या दिवशी तुम्ही लोहाच्या गोळ्या वाटत होता, कारण तिथल्या बायांत रक्तक्षय फार. गोळी चांगलीच हो, पण सोबत ताटात काही नको का? ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ऑक्टोबर 2023 मध्ये रोजची मजुरी वाढली, ती 250 रुपये झाली. तो विषय तुमच्या खात्यात येत नाही, ठाऊक आहे. म्हणूनच तुमचे फोटो बघताना चिडचिड होते.

तर विनंती अशी, की दवाखाना आणि पाळणाघर मालकांच्या रोजच्या खर्चात परत पाठवा. तुमचे पैसे कुंपणाबाहेरच्या गावांना लावा, तिथे गरज कमी नाही. मी तसा शेरा मारतोच आहे. साहेब रागावतील, त्यांची समजूत तुम्ही घाला. तुमचं ऐकतात ते.

उत्तर 31 मार्चच्या आत यावं. फोटो नकोत, पावत्या पाठवा.

आपला,
एक हिशेबतपासनीस