होणार होतं ते झालं?



माझ्या धाकट्या जाऊबाईचं वर्षीतप यंदा अक्षय्य तृतीयेला पूर्ण झालं. गेल्या वर्षीच्या फाल्गुन वद्य अष्टमीपासून एक दिवस उपवास, एक दिवस बियासणं, असं तेरा महिन्यांच्या वर तिनं निभावलं. तिच्या पारण्याचा उसाचा रस आपल्या हातच्या मातीच्या लोट्यातून द्यायचा, असं माझ्या मनात आलं. वर्षभर तिच्यासाठी मी काय केलं होतं? फक्त बियासण्याचा स्वयंपाक. म्हटलं, एवढं तरी करू.

मातीच का, तर आदिनाथ भगवंतांची कथा. कल्पवृक्ष संपले, लोक कच्चं धान्य खाऊन आजारी पडू लागले. पुढे अग्नी सापडला, पण त्यात धान्य टाकलं की ते जळूनच जायचं. तेव्हा ऋषभदेवांनी हत्तीवर बसल्या बसल्या ओल्या मातीचा गोळा मागवला, हत्तीच्या गंडस्थळावर थापून त्याचं भांडं केलं आणि ते भाजून त्यात अन्न शिजवायला शिकवलं. म्हणजे माणसाला शिकवलेलं पहिलं शिल्प कुंभाराचं. आणि ज्यांनी भांडं शिकवलं, त्यांचंच पारणं पुढे श्रेयांसकुमाराच्या हातून उसाच्या रसानं झालं.

आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सावेडीत एक निवृत्त कलाशिक्षक बंगल्यामागच्या शेडमध्ये स्टुडिओ चालवतात. येणारे बहुतेक कला शाखेचे विद्यार्थी. चार विजेवर चालणारी चाकं, एक विजेची भट्टी, भिंतीला फळ्या. महिन्याची फी भरायची. एक फळी आपली, आठवड्यातून दोन वेळा दोन-दोन तास चाक आपलं. माती किलोवर, भाजणी भांड्याच्या आकारावर. चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतर, मी नाव घातलं. पंचेचाळिशीची मी एकटीच. बाकी सगळे मला काकू म्हणणारे.

घरी सासूबाईंचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "माती म्हणजे पृथ्वीकाय, भिजवली की अप्काय, भट्टी म्हणजे तेउकाय. पंधरा कर्मादानात पहिलंच इंगालकर्म आहे ना?" खोटं नव्हतं. मी स्थानकात महासतीजींना विचारलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. आरंभाच्या कामाला साधू-साध्वी अनुमोदना देत नाहीत, हे आपल्याला माहीतच आहे. त्यांनी एवढंच सांगितलं की श्रावकानं जे करायचं ते मर्यादा बांधून आणि यतनेनं करावं. मी मर्यादा बांधली: महिन्याला पाच किलोच माती, विकायला काही करायचं नाही, चातुर्मासात आणि पर्वतिथीला चाकाला हात नाही. सासूबाईंनी त्यात एक भर घातली. भांड्यावर नवकार किंवा देवाचं चिन्ह कोरायचं नाही; फुटलं तर आशातना. म्हणून मी बुडाला फक्त माझं आद्याक्षर कोरायची.

पहिल्या दिवशी मी सवयीनं पुंजणी घेऊन फरशी झाडायला लागले, तर सर ओरडलेच. स्टुडिओत कोरडा झाडू चालत नाही. वाळलेल्या मातीची बारीक धूळ उडते, त्यात सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या स्पंजनं पुसून घ्यायचं. मग माझंही एक त्यांनी ऐकलं. हात धुवायच्या बादलीतलं गढूळ पाणी दिवसेंदिवस उघडं राहायचं. मी गाळणं बांधलं, झाकण आणलं. तळाचा लगदा प्लॅस्टरच्या लादीवर पसरून परत मळायला घेऊ लागलो, त्यामुळे नवीन मातीही कमी लागायला लागली. मनातून मला फार बरं वाटलं. यतना काय असते ते या मुलांना आपण दाखवतोय, असंही वाटलं. हे वाटणं लक्षात ठेवा.

चाकावर माती मध्यावर आणायलाच मला दीड महिना गेला. हात जरा हलला की गोळा डगमगतो. जोर लावला की आणखी. लोटा जमायला चैत्र उजाडला. बुडाला मी माती जरा जाडच ठेवली होती, बोटभर तरी असेल. पातळ करायला गेलं की भोक पडायची भीती.

स्टुडिओचा सर्वांत कडक नियम भट्टीचा. भट्टी सगळ्यांची एकच. पूर्ण वाळलेलं भांडंच भट्टीच्या फळीवर ठेवायचं आणि वहीत नाव, तारीख लिहायची. वाळलंय की नाही हे कळायला भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर आत ओल आहे. शंभर अंशांच्या पुढे ती ओल वाफ होते, जाड मातीतून तिला लवकर वाट मिळत नाही आणि भांडं फुटतं. एकटं फुटत नाही, शेजारच्यांना घेऊन फुटतं.

अक्षय्य तृतीयेला दहा दिवस राहिले होते. पहिली भाजणी, मग ग्लेझ, मग दुसरी भाजणी, असं सगळं बसवायचं होतं. लोटा करून चारच दिवस झालेले. नगरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. बाहेरून तो पांढरट, खडखडीत दिसत होता. मी गालाला लावला. कडा कोमट लागल्या, बूड गार लागलं. लागलं, मैत्रिणींनो. मला कळलं होतं. आणि मी तो भट्टीच्या फळीवर ठेवला, वहीत लिहायचं मात्र "विसरले".

दोन दिवसांनी भट्टी निवल्यावर उघडली तेव्हा सर आणि मी दोघंच होतो. मधला थर सगळा खापऱ्यांनी भरलेला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचा सहा पेल्यांचा संच होता, परीक्षेसाठी द्यायचा. त्यातले दोन फुटले होते, एकाचा काठ उडाला होता. सर फोनवर बोलत बाहेर गेले आणि माझ्या हाताला लोट्याच्या बुडाचा तुकडा लागला. आद्याक्षर स्पष्ट. मी तो एप्रनच्या खिशात टाकला. सर आत आले, म्हणाले, "कोणाचं फुटलं कोण जाणे, वहीत तर नाही." मी गप्प.

रिक्षात बसल्यावर मनाची समजूत घातली. होणार होतं ते झालं. भट्टी आहे, फुटायचंच. कुणाचं तरी फुटतंच.

संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. बारा व्रतांचे अतिचार ओळीनं येत गेले, प्रत्येकापाशी मिच्छामि दुक्कडम्. दुसरं व्रत आलं, खोट्याचं. तोंड चालत राहिलं आणि मी आतल्या आत थांबले. सातव्या व्रतात इंगालकर्माचं नाव आलं तेव्हा मला सद्दालपुत्र आठवला.

आपल्यातल्या बऱ्याच जणींनी उपासकदशांगातल्या दहा श्रावकांची नावं पाठ केली असतील. सातव्या अध्ययनातला सद्दालपुत्र पोलासपूरचा कुंभार. गावाबाहेर त्याची भांड्यांची पाचशे दुकानं. तो आधी गोशालकाच्या आजीवक मताचा होता. सगळं नियतीनं ठरलेलं आहे, माणसाच्या प्रयत्नानं काही होत नाही, असं मानणारा. भगवान महावीर त्याच्याकडे आले, तेव्हा तो मडकी उन्हात ठेवत होता. भगवंतांनी विचारलं, ही मडकी कशी झाली? त्यानं सांगितलं, माती आणली, पाण्यात कालवली, राख आणि लीद मिसळली, चाकावर चढवली. मग ती प्रयत्नानं झाली की प्रयत्नाशिवाय? तो म्हणाला, प्रयत्नाशिवाय; सगळं नियत आहे. तेव्हा भगवंतांनी विचारलं, तुझी ही मडकी कुणी चोरली किंवा फोडली, तर तू त्याला काय करशील? सद्दालपुत्र म्हणाला, त्याला बडवीन, बांधीन, जीवही घेईन. भगवंत म्हणाले, मग तुझ्या मतानं तर कुणी फोडलंच नाही. शिक्षा कुणाला करतोस?

हे मी लहानपणी धार्मिक परीक्षेला लिहिलंय, मार्कही मिळवलेत. पण त्या रात्री पहिल्यांदा कळलं की प्रश्न मला आहे. लोटा चांगला झाला असता तर मी सगळ्यांना सांगितलं असतं, "मी केला." फुटला तर म्हणे, होणार होतं. घडवताना पुरुषार्थ माझा आणि फुटताना नियती? पाण्याला गाळणं बांधणारी मी, गालाला लागलेला गारवा मात्र सोयीनं विसरले. यतना म्हणजे नुसता गाळण्याचा कपडा नाही. समोर दिसतंय ते दिसलं असं कबूल करणं, ही पहिली यतना.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन गेले. ती मुलगी तुटलेले पेले जुळवून बघत होती. मी तुकडा तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, गालाचंही, वहीचंही, खिशाचंही. संवत्सरीला मी दोन-तीनशे जणांना मोबाईलवर मिच्छामि दुक्कडम् पाठवते. समोर बसून, जिचं नुकसान केलं तिलाच म्हणताना माझा आवाज फुटेना.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, माफ करून माझे पेले परत येणार नाहीत. आठ दिवसांत मला तीन करायचेत. माती मळायला वेळ जातो. मळून द्याल?"

चार संध्याकाळी मी तिची माती मळली. हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून दाबायची, वळवायची, पुन्हा दाबायची. माझी चाकाची पाळीही तिला दिली. सरांना मी स्वतः सांगितलं. ते रागावले, आणि दोन महिने माझं भांडं त्यांनी स्वतः तपासल्याशिवाय भट्टीत जाणार नाही असं ठरलं. योग्यच होतं. तिचा संच वेळेत गेला. ती माझ्याशी आधीसारखी बोलायला लागली असं नाही; पण मातीची पिशवी आली की हाक मारते.

पारण्याचा लोटा अर्थातच झाला नाही. जाऊबाईला सांगितलं तेव्हा ती उपवासात होती. म्हणाली, "भाभी, रस स्टीलच्या पेल्यातूनही गोडच लागणार आहे. पण तुम्ही तिला सांगितलं ना, ते माझ्या पारण्याला पुष्कळ झालं." अक्षय्य तृतीयेला आम्ही सगळ्यांनी तिला स्टीलच्या लोट्यातूनच रस दिला.

आता चातुर्मास लागेल, चाक बंद. माझी फळी रिकामी करून आले. घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत तो बुडाचा तुकडा ठेवलाय. सासूबाईंनी एकदा विचारलं, हे कशाला? मी सांगितलं. त्यांनी तो पुसून परत तिथेच ठेवला.

तुमच्यापैकी कुणी असा वर्ग लावणार असाल तर एवढंच सांगते: मर्यादा आधी बांधा, पाणी गाळून घ्या, धूळ ओल्या कपड्यानं पुसा, आणि भांडं गालाला लावल्यावर जे लागेल ते खरं वहीत लिहा.

जिनाज्ञेच्या विरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.