कुदळ रुतते तोवर

डोंगरावर माती कुठली, असं सखल भागातला माणूस सहज म्हणून जातो. कर्जत लोकलच्या खिडकीतून मलंगगड, ताहुली, चंदेरी, माथेरान ही रांग पाहिली तर त्याचं म्हणणं पटतंही. वर उघडे काळे कडे, खाली गवताची उतरण. त्यात माती असून असून किती असणार? माझा जन्म खड्डे खणून मातीचे थर वाचण्यात गेला. अंबरनाथ-बदलापूरकडे खोल, तरीही पाणी न तुंबणारी माती दाखवायची वेळ आली की मी भाताच्या खाचरात जात नाही. कड्याखालच्या गवतात जातो.

ती तिथे कशी आली याचं उत्तर दगडात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. त्यातला घट्ट, एकसंध बेसाल्ट आजही कडा होऊन उभा आहे. वायूच्या पोकळ्यांनी भरलेला ठिसूळ थर मागे झिजतो आणि तिथे सपाटी तयार होते. डोंगर भटकणारे तिला पदर म्हणतात. कड्यावरून सुटलेले धोंडे, मुरूम, धुऊन आलेली माती या पदरावर आणि त्याखालच्या उतारावर विसावते. म्हणजे ही माती जागच्या खडकातून थोडीच बनलेली, बाकीची वरून आलेली. उपरी माती म्हणा ना.

नुसत्या दगडाची माती व्हायला किती काळ लागतो, हे अंबरनाथच्या शिवमंदिरासमोर उभं राहिलं की उमगतं. शके ९८२चं, म्हणजे इ. स. १०६०चं हे बेसाल्टचं बांधकाम. हजाराच्या जवळ पावसाळे अंगावर घेऊन शिल्पांचे नाकडोळे बोथट झाले, पण भिंतींची बोटभरही माती झालेली नाही. उघड्या दगडावरून पाणी निघून जातं. मातीखाली गाडलेला दगड मात्र महिनोन्‌महिने ओला राहतो, मुळांच्या आणि पालापाचोळ्याच्या आम्लात भिजतो आणि कितीतरी लवकर कुजतो. माती असेल तिथेच आणखी माती होते, असा हा व्यवहार.

आमच्या सर्वेक्षणात १०० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर माती खोल धरतात, २५च्या आत असली तर अत्यंत उथळ. चंदेरीच्या पायथ्याला, चिंचवलीच्या बाजूला खड्डा घेताना एका ठाकर आजोबांनी याहून सोपी कसोटी सांगितली होती: "सायेब, कुदळ रुतते तवर माती. ठणकन वाजली का डोंगर." त्या खड्ड्यात कुदळ कमरेच्या खालपर्यंत रुतत गेली. वरचा वीत-दीड वीत थर गडद तपकिरी, गवताच्या मुळ्यांनी विणलेला, मुठीत घेतला तर भाजलेल्या रव्यासारखा सुटा. त्याखाली लालसर तपकिरी माती, तळाकडे अर्धवट कुजलेले कोनेदार दगड. नदीने आणलेले असते तर ते गोल गुळगुळीत असते. हे थेट कड्यावरून आले.

निचरा कसा आहे हे कळायला पाणी ओतावं लागत नाही, रंग सांगतो. मातीतल्या लोहाला हवा मिळत राहिली की ते लाल-तपकिरी राहतं, आणि वरपासून खालपर्यंत एकसारखं. पाणी तुंबलं की हवा कोंडते, लोह विरघळतं, माती राखाडी पडते आणि तिच्यात गंजाचे ठिपके उमटतात. या खड्ड्यात ठिपका नव्हता. गंमत अशी, की प्रयोगशाळेत असल्या मातीत चिकण कणांचं प्रमाण भरपूर निघतं. कागदावर ती पाणी धरून बसणारी चिकणमाती ठरते आणि नवखा विद्यार्थी गोंधळतो. प्रत्यक्षात लोहाची संयुगं चिकणाच्या कणांना बांधून बारीक रवे करतात, आणि या रव्यांमधून पाणी धावतं. मातीचा स्वभाव नुसत्या कणांच्या मापावरून ठरवू नये, तो कणांच्या बांधणीत असतो. तरी आमचे अहवाल अजून टक्केवारीतच अडकलेले असतात.

निचरा चांगला म्हणजे माती कोरडी, असंही नाही. जादा पाणी सोडून देऊनही मीटरभर खोलीची अशी माती सुमारे १५० मिलिमीटर पाणी मुळांसाठी राखून ठेवते. हेक्टरी हिशेब केला तर १५ लाख लिटर. बाकीचं पाणी हळूहळू खडकाच्या भेगांतून उतरून पायथ्याच्या झऱ्यांना, ओहोळांना आणि शेवटी उल्हास नदीला मिळतं.

आता एक कोडं. दर पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे बेसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जावं, सिलिकाही जावी आणि मागे जांभा उरावा, हा पुस्तकी नियम. माथेरानच्या माथ्यावर तो लागूही पडतो. मग सह्याद्रीत असल्याच पावसात काही ठिकाणी गडद, मऊ, कॅल्शियमने भरलेली माती टिकते कशी? नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतल्या तपस भट्टाचार्य, डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून हे कोडं सोडवत नेलं. लाव्ह्याच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक असतात; खंडाळ्याच्या घाटात विकायला ठेवलेले पांढरे-गुलाबी दगड बहुतेकांनी पाहिले असतील, तेच. हा झिओलाइट विरघळताना मातीला कॅल्शियम पुरवत राहतो. पाऊस नेतो तेवढं दगड भरून काढतो. रशियाच्या गवताळ मैदानांतल्या काळ्या मातीवर दोकुचायेवने १८८३मध्ये ग्रंथ लिहिला आणि तिथून मृदाशास्त्र उभं राहिलं. त्या मातीचा मॉलिसॉल हा गण थंड, कोरड्या गवताळ मुलखाचा, असं आम्ही शिकलो होतो. तो सह्याद्रीच्या धुवांधार पावसातही निघावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

उतारावरून खाली यावं तशी माती बदलत जाते. दगड तोच, पाऊस तोच, फरक फक्त पाण्याच्या वाटेचा. पायथ्याला वरकस, तिथे नाचणी-वरी. सखलात काळपट, चिकट, पाणी धरणारी भातजमीन. नदीकाठी गाळाची माती, जिथे बदलापूरच्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या जांभळांची झाडं वाढतात. पूर्व आफ्रिकेत काम करताना जेफ्री मिल्नने १९३५च्या सुमारास अशा ओळीला मृदासाखळी म्हणून मांडलं. आमच्याकडे ही साखळी उल्हासनगरला तुटते. लष्करी छावणीच्या जागी १९४९मध्ये वसवलेल्या या शहरात पाया खणला की भराव लागतो. त्यातला लाल मुरूम कुठल्या डोंगराचा, हे मी बऱ्याचदा ओळखतो.

गवत हे या मातीचं प्रगतिपुस्तक. पवना, मारवेल, डोंगरी गवत दाट असेल तर खाली खोली आहे आणि गुरांचा ताण बेताचा आहे. सगळीकडे कुसळीच दिसली तर समजावं, की चराई जास्त झाली किंवा वणवा दरवर्षी लागतो. एके काळी दिवाळीनंतर कापलेल्या गवताच्या गासड्या ठाणे जिल्ह्यातून मुंबईच्या तबेल्यांत जात, तेव्हा या उतारांना मालक आणि राखणदार दोन्ही होते. आता वणव्याने वरचा पाचोळा जळतो, पहिल्या वळवाचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आदळतात, रवे फुटतात, पृष्ठभागाला पापुद्रा धरतो. जी माती पाणी पिण्यासाठी नावाजलेली, तिच्यावरून पाणी घसरतं.

सरकारी उत्साहात अशा गवतावर चर खणून झाडं लावतात, तेही मला पटत नाही. उथळ, उघड्या जमिनीवर चर हवेतच. पण जिथे पाणी आपोआप मुरतंय तिथे आणखी अडवून काय मिळवायचं? उलट धोका आहे. वरून आलेली खोल माती घट्ट खडकावर नुसती टेकलेली असते. अतिवृष्टीत वरून येणारं पाणी खालून निघणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त झालं की खडकाच्या माथ्यावर ते साचतं, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, घर्षण कमी होतं आणि अख्खा थर सुटतो. ३० जुलै २०१४ला माळीण, १९ जुलै २०२३च्या रात्री माथेरानच्या दक्षिणेला इर्शाळवाडी. दोन्हीकडे तीव्र उतारावरचा भिजलेला थर वस्तीवर आला. गवताच्या मुळांनी दरड थांबते असं मी म्हणणार नाही. सरकणारा थर बहुधा मुळांच्या खालून सुटतो. गवत एवढंच करतं, की पाणी सावकाश मुरवतं आणि माती धुऊ देत नाही. उताराचा पायथा मात्र शाबूत हवा.

आणि पायथाच कापला जातोय. बदलापूरच्या पुढे फार्महाऊससाठी, रस्त्यासाठी जेसीबी उतारात शिरतो, कारण इथली माती मऊ आणि कडा पाठीशी सुंदर. कायद्याने माती हे गौण खनिज, मोजमाप ब्रासमध्ये, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गुंठाभर जागेतली तीन फूट माती उचलली तर सुमारे ३३ ब्रास निघते, थोड्याच गाड्यांत संपूनही जाते.

अशा ठिकाणी प्लॉट पाहायला गेलात तर दलाल समोरचा देखावा दाखवेल. तुम्ही मागे फिरा. मागच्या कापलेल्या भिंतीत लाल माती आणि कोनेदार दगड खांद्याच्या वरपर्यंत आहेत का, खडक कुठे लागतो, त्या सांध्यातून दिवाळीनंतरही पाणी पाझरतंय का, वरच्या उतारावर आडव्या भेगा आणि वाकलेले बुंधे दिसतात का, ते पाहा. ही चारही लक्षणं असतील तर बयाणा देऊ नका.