पाण्यातला अक्स

उर्दूत पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबाला 'अक्स' म्हणतात आणि फोटो काढण्याच्या कलेला 'अक्कासी'. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे आणि त्या धातूचा अर्थ उलटणे, पालटणे. फारसीत तर फोटोलाच 'अक्स' म्हणतात. आमच्या वर्गात विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाच्या परावर्तनासाठी 'इनइकास' हा शब्द येतो, तोही याच घराण्यातला. मराठीने मात्र फोटोला 'छायाचित्र' म्हटले. म्हणजे उर्दूने पाण्याकडे पाहिले आणि मराठीने सावलीकडे. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेच्या दप्तरात दोन्ही, अशी ज्यांची जिंदगी आहे त्या आमच्यासारख्यांना या दोन शब्दांत भांडण दिसत नाही. पाण्यातला अक्स काय किंवा भिंतीवरची सावली काय, हाताने काढावी लागत नाही. ती आपोआप पडते आणि आपोआप जाते.

आम्ही दोघे-तिघे शिक्षक सुटीच्या दिवशी पाण्यातल्या अक्साचे फोटो काढत फिरतो. एक जुना कॅमेरा आहे, बाकी काम मोबाईलवर. नंदुरबार जिल्हा म्हटले की लोकांना कुपोषण आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर आठवते. पाणी कोणाला आठवत नाही. पण १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पाणी चोहीकडे आहे. मधून तापी वाहते, उत्तरेची सीमा नर्मदा सांभाळते, सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळचा यशवंत तलाव आहे आणि नवापूर तालुक्यात गुजरातच्या उकाई धरणाचे पाणी मागे येऊन थांबलेले आहे. पाणी आहे म्हणजे ते नळाला येते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये.

आमच्या या छंदाला घरातून पहिला विरोध झाला तो नानीचा. नानीला तसवीर पसंत नव्हती. तिच्या घरात भिंतीवर मक्का-मदिन्याची चित्रे होती, माणसाचे एकही नव्हते. आम्ही प्रकाशाहून काढून आणलेले फोटो तिला दाखवले, तेव्हा तिने ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. घाट, झाडे, आभाळ पाहून खूश झाली. मग एका फोटोत पाण्यात उभ्या असलेल्या बाईचा अक्स दिसला, तसा तिने तो पालथा ठेवला. म्हणाली, "बेटा, पानी में देखो, जी भर के देखो. मगर रखो मत."

नानी शिकलेली नव्हती, पण जो प्रश्न तिने एका वाक्यात सांगितला त्यावर मोठमोठ्या आलिमांनी ग्रंथ लिहिले आहेत. आरशातले किंवा पाण्यातले प्रतिबिंब कोणीही हराम म्हटलेले नाही. वाद आहे तो त्याला थांबवून ठेवण्याबद्दल. १९१४ ते १९२० या काळात इजिप्तचे मुफ्ती असलेले शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांचे म्हणणे असे की, फोटो काढणारा नवे काही घडवत नाही, तो फक्त सावली अडवून ठेवतो. 'हब्स-उझ-झिल्ल' हे त्यांचे शब्द, म्हणजे सावलीची कैद. म्हणून त्यांनी फोटो जायज मानला. आपल्याकडे देवबंदच्या परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी यांनी याच्या उलट मत दिले. अक्स जोवर टिकत नाही तोवर तो अक्स, टिकवला की ती तसवीर झाली, मग ती कलमाने काढा की कॅमेऱ्याने. गंमत अशी की दोघांचीही सुरुवात एकाच ठिकाणाहून होते. पाण्यात पडलेली आणि कोणीही न काढलेली ती प्रतिमा दोघांनाही मान्य आहे.

आम्ही फतवा देणारे नव्हेत. पोरांना शिकवणारे आहोत. हजच्या पासपोर्टला फोटो लागतो आणि १९९३ साली टी. एन. शेषन यांच्या काळात मतदाराचे फोटो ओळखपत्र आले तेव्हापासून मतालाही लागतो. नानीने आयुष्यात एकच फोटो काढू दिला, तो त्या ओळखपत्राचा. "हुकूमत मांगती है तो दे दिया," एवढेच बोलली. नानी आता नाही. तिची तेवढी एकच प्रतिमा आमच्याजवळ आहे, अंगठ्याएवढी, काळपट, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. तिच्या दाराशी पाण्याची मोठी टाकी होती. सकाळी वुजूसाठी ती वाकली की तिचा चेहरा स्वच्छ त्या पाण्यात पडे. कॅमेरा आमच्या हातात असे. आम्ही तो कधी उचलला नाही. अक्स पाण्याचा असला तरी चेहरा नानीचा होता.

आता थोडे कामाचे बोलू. कारण पाण्यातल्या अक्साचा फोटो सोपा दिसतो आणि सोपा नसतो.

पहिली गोष्ट वेळेची. ऊन तापले की वारा सुटतो आणि वाऱ्याने पाणी शहारले की अक्स फाटतो. म्हणून फजरची नमाज पढून निघायचे आणि उजाडताना काठावर असायचे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच आहे. थंडीत तिथे तलावावर धुके असते. ते विरते आणि वारा सुटतो, या दोहोंच्या मध्ये थोडा वेळ पाणी काचेसारखे होते. तोच फोटोचा वेळ.

दुसरी गोष्ट वाकण्याची. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर पडलेल्या प्रकाशातले शंभरातले दोनच भाग परत येतात, बाकी आत जातात. म्हणून तळ दिसतो, अक्स दिसत नाही. जितके खाली वाकून, तिरपे पाहावे तितका अक्स ठळक होतो. कॅमेऱ्यापुढे पोलरायझर नावाची फिरती काच लावली, तर एका ठराविक कोनातून, उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांवरून, पाण्यावरची चकाकी जवळजवळ पुसली जाते आणि पाण्याखालचे दिसू लागते. म्हणजे वरचे पाहायचे की खालचे, हे काच फिरवणाऱ्याने ठरवायचे. पण पाणी गढूळ असेल तर काच कितीही फिरवा, खालचे काही दिसत नाही.

तिसरी गोष्ट पोरांना सर्वांत जास्त चकित करते. अक्स पाण्याच्या पाठीवर नसतो. डोंगर दोन किलोमीटरवर असेल तर पाण्यातला डोंगरही तितक्याच दूर धरून फोकस करावा लागतो. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर केला तर काडीकचरा स्पष्ट येतो आणि डोंगर पुसट होतो.

आणि चौथी गोष्ट, जी आम्हाला स्वतःला फार विचारात पाडते. अक्स ही वरच्या देखाव्याची उलटी नक्कल नसते. प्रकाशाला तापी आणि गोमाईचा संगम आहे, केदारेश्वराचे मंदिर आहे आणि १९५५ साली बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले तेही हेच गाव. बॅरेजमुळे आता पावसाळ्यानंतरही तिथे पाणी तुंबून राहते. काठावर उभे राहून पुलाकडे पाहिले की पुलाची बाजू दिसते. पण पाण्यातला पूल पाहिला तर त्याचा खालचा भाग दिसतो, जो आपल्याला एरवी इतका दिसत नाही. काठावरच्या झाडाच्या मागे वर मंदिराचे शिखर दिसते, पाण्यात मात्र ते झाडाआड जाते. असे का? कारण आपण पाण्याच्या जितके वर आहोत, पाणी नाही असे समजून तितकेच खाली एक डोळा ठेवला, तर त्या डोळ्याला जे दिसेल तेच अक्सात दिसते, फक्त उलटे. थोडक्यात, अक्साच्या फोटोत दोन नजरा असतात. वरचा अर्धा फोटो आपल्या नजरेचा आणि खालचा अर्धा फोटो पाण्याखालच्या नजरेचा.

हे नियम ज्याने नीट तपासून मांडले तो इब्न अल-हैसम दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मला आणि कैरोत वारला. त्याच्या 'किताब-उल-मनाझिर' या ग्रंथाचे सात भाग, त्यांतले तीन निव्वळ परावर्तनाला दिलेले. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून शिरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यासही त्याने केला आणि कॅमेऱ्याचे कूळ तिथवर जाते. आम्ही वर्गात त्याचे नाव अभिमानाने सांगतो. पण त्याच्या चरित्रकारांनी लिहिलेली दुसरी गोष्टही सांगतो. नाईलचे पाणी बांधून काबूत आणता येईल, असे तो म्हणाला होता. खलिफा अल-हाकिमने त्याला बोलावून दक्षिणेकडे, अस्वानच्या बाजूला पाठवले. नदी प्रत्यक्ष पाहिल्यावर हे काम होणारे नाही, हे त्याला कळले आणि खलिफाच्या रोषाच्या भीतीने त्याने वेड्याचे सोंग घेतले. त्याच अस्वानला १९७० साली मोठे धरण पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यात न्युबियन लोकांची गावे गेली.

हे वाचताना नंदुरबारच्या माणसाला नर्मदा आठवल्याशिवाय राहत नाही. नर्मदा महाराष्ट्राच्या वाट्याला फक्त ५४ किलोमीटर आली, तीही सगळी याच जिल्ह्याच्या कडेने. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली ३३ गावे आली. मणिबेली हे त्यातले पहिले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९च्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला टेकले. काही कुटुंबे खाली पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली, काही पाण्याच्या पुढे पुढे डोंगर चढत राहिली. त्यांचा रस्ता आता पाण्यावरचा आहे. बाजार बोटीने, दवाखानाही बोटीवरचा. २०१९च्या मकरसंक्रांतीला भुषाजवळ बोट उलटून माणसे दगावली, तेव्हा या पाण्याची बातमी झाली.

फोटो काढणाऱ्यासाठी ही जागा म्हणजे जन्नत आहे, हे लिहिताना लाज वाटते पण खोटे लिहिता येत नाही. हिवाळ्याच्या सकाळी भुषाहून बोटीत बसावे. दोन्ही बाजूंना सातपुडा आणि विंध्याच्या रांगा आणि खाली त्यांचेच डोंगर उलटे, एक रेघ इकडची तिकडे नाही. अशाच एका सकाळी आमचा नावाडी, पन्नाशीचा माणूस, आम्ही फोटो काढतो ते बराच वेळ पाहत राहिला. मग इंजिन बंद केले. म्हणाला, "गुरुजी, हा डोंगर घेतला ना? त्याच्या खाली माझं घर आहे."

आम्ही पाण्याकडे पाहिले. डोंगराशिवाय काही दिसत नव्हते. त्याने दोन टेकड्यांच्या मधली खाच बोटाने दाखवली, तिथून सरळ खाली रेघ ओढल्यासारखा हात आणला आणि सांगितले, इथे घर, इथे मोहाचे झाड, इथे गोठा. पाण्यावर बोट फिरवून त्याने पूर्ण गाव मांडले. आम्ही विचारले, घराचा फोटो आहे का? नव्हता. घराची लांबी-रुंदी एका सरकारी कागदावर आहे, असे म्हणाला. लांबी-रुंदी होती, घर नव्हते. मग त्यानेच सांगितले, "इथलाच एक काढून द्या. ही खाच आली पाहिजे."

नानी म्हणाली होती, देखो, मगर रखो मत. हा माणूस म्हणत होता, ठेवा. कोणाचे बरोबर? आमच्या मते दोघांचेही. सावलीची कैद जायज की नाजायज, हा प्रश्न आलिमांचा आहे. पण सावली कोणाची आहे, हा प्रश्न कॅमेरा धरणाऱ्या प्रत्येकाचा आहे. नानीचा चेहरा नानीचा होता, तिने नाही म्हटले, तिथे बात संपली. त्या नावाड्याचे घर त्याचे होते, त्याला कोणी विचारले असते तर त्याने दहा फोटो काढून घेतले असते. ज्याला आपली प्रतिमा नको तिची एक प्रतिमा सरकारने मागून घेतली आणि ज्याला हवी होती त्याचे घर प्रतिमेविना पाण्यात गेले. आपल्या देशात गरिबाची प्रतिमा त्याच्या मर्जीने क्वचितच निघते.

त्या सकाळचा फोटो आम्ही मोठा छापून, लॅमिनेशन करून त्याला दिला. डोंगराच्या चढावरच्या त्याच्या नव्या घरात तो लावलेला आहे. पाहुण्याला तो निसर्गाचा देखावा वाटतो. घरच्यांना ते घर आहे. आम्हाला मात्र त्या फोटोच्या खालच्या अर्ध्याकडे पाहताना प्रकाशाचा पूल आठवतो. तो खालचा डोंगर पाण्याखालच्या नजरेने पाहिलेला डोंगर आहे. ज्या अंगणातून तो माणूस लहानपणी वर पाहत असेल, त्या बाजूची ती नजर आहे. गाव दिसत नाही, पण गावाच्या बाजूने काय दिसते ते दिसते. पोलरायझर लावून जे हाती येत नाही, ते अक्साने तेवढे दिले.

फोटो सुंदर असला की पाहणारा प्रश्न विचारत नाही. म्हणून अक्साच्या फोटोला नुसते सोडून देणे बरे नाही. आम्ही प्रत्येक प्रिंटच्या मागे चार ओळी लिहितो. तारीख, जागा, पाणी कुठले आणि त्या पाण्याखाली कोणते गाव, कोणते शेत. उजवीकडून उर्दूत आणि डावीकडून मराठीत. पोरांना वर्गात फोटो दाखवताना आधी पुढची बाजू दाखवतो, मग उलटून मागची वाचायला देतो. अक्सचा अर्थच मुळी उलटणे असा आहे.