कासनी

परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. तिथं एका कापडवाल्यानं आईपुढं झंपराचं कापड टाकलं नि म्हणाला, "ये लो, कासनी." आईला वांगी ठाऊक होता, जांभळा ठाऊक होता. हा दोन्ही नव्हता. तिनं कापड घेतलं. महिनाभरानं विहिरीवरचं बकाण फुललं तेव्हा म्हणाली, "अगं, हाच की तो रंग!"

बकाण म्हणजे कडूलिंबाचं चुलत भावंड. लिंबाचा फुलोरा पांढरा, याचा फिका जांभळट, मधोमध गडद नळी. संध्याकाळी वास दरवळायचा. पिवळ्या गोळ्या मात्र विषारी. तोंडात घातल्या की आजीचा धपाटा ठरलेला. आतल्या बीला आयतंच भोक, म्हणून आम्ही माळा ओवायचो.

पुढं शाळेत इंग्रजीच्या धड्यात 'लायलॅक' आलं. बाईंनी अर्थ सांगितला, "एक प्रकारचं फूल." आम्ही तसाच वहीत उतरवला. खरं लायलॅक बाल्कनच्या डोंगरांतलं झुडूप, सोळाव्या शतकात इस्तंबूलहून व्हिएन्नाला गेलेलं. त्याला भरघोस फुलायला हिवाळ्याचा कडक गारठा लागतो. मे महिन्यात ४४ अंशांवर भाजणाऱ्या आमच्या काळ्या रानात ते कशाला येतंय!

शब्दाचं मात्र उलटं निघालं. संस्कृत 'नील' इराणात गेला, तिथं 'नीलक' म्हणजे निळसर झाला, न चा ल होऊन 'लीलक'. मग अरबी, स्पॅनिश, फ्रेंच करत इंग्रजीत. ज्या निळीच्या पुडीनं आई बाबांची धोतरं खळबळायची, तीच ही नीळ. त्या धोतरांची दोरी बांधलेली असायची बकाणालाच. आणि त्या बकाणाचं इंग्रजी नाव 'पर्शियन लायलॅक', हे मला पन्नाशीत एका पुस्तकात सापडलं. अर्थ वहीत लिहिला त्या दिवशीही मी घरी जाऊन त्याच्याच सावलीत बसले असणार. शास्त्रीय नावातलं 'अझेडराक' हेही मूळचं फारसी, आझाद दरख्त, मोकळं झाड. लिनिअसनं १७५३ साली बकाणाला ते दिलं, आणि जवळजवळ तेच कडूलिंबालाही. निजामाच्या मुलखात वाढलेल्या आमच्या आजोबांना हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

विहीर बुजली, बकाणही गेलं. परवा भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला गेले, तर सवयीनं तोंडातून गेलं, "कासनी दाखवा." पोरगं गोंधळलं. मी हातानं समोरच्या एका साडीवरचं फूल दाखवलं. त्याचा चेहरा खुलला.

"असं होय मावशी, लॅव्हेंडर म्हणा की!"