जबल अख्दरचा कोरडा घाट
मस्कतहून निझवाला जाताना बिरकत अल मौझ लागतं. तिथली पोलीस चौकी फोर व्हील ड्राइव्ह गाडीशिवाय कोणाला वर, सुमारे २००० मीटर उंचीच्या सैक पठारावर, सोडत नाही. आणि रस्ता? गुळगुळीत डांबरी! काहीजण चौकी ओलांडताच हौसेनं ‘फोर-एच’ लावतात. आमच्या गाडीला मधला डिफरन्शियल नाही, तिला ते सोसणार नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. वाळूत ती घसरून हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर साचतो, स्टिअरिंग जड होतं. खरी कसोटी उतरताना. नुसत्या ब्रेकवर उतरलं, तर ते तापून निकामी होतात. मी मागच्याच चाकांवर, दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो. मागे आई आणि मुलं, मांडीवर डाळिंबांची पिशवी.